मे महिन्यातली नकल

शिरस्तेदार तोताराम चौधरींनी टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी मांडले, पंख्यानं उडू नयेत म्हणून एकावर चष्म्याचं घर आणि दुसऱ्यावर शिक्का ठेवला, आणि विचारलं, "पाटील, यातली तुमची नकल कुठली?"

"दोन्ही माझ्याच, साहेब," अभिमन पाटील म्हणाला. हे तो कागदांकडे न बघताच म्हणाला. साहेबांच्या टेबलावर नकल परत येते ती तक्रार घेऊनच येते, आणि तेवीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावाची एकही नकल परत आलेली नव्हती. मग त्यानं पाहिलं. एकाच वाटणीपत्राच्या दोन नकला होत्या. शिंदखेड्याकडचे दोन भाऊ. थोरल्यानं मे महिन्यात नकल नेली, धाकट्यानं सप्टेंबरात. दोन्ही कोर्टात समोरासमोर आल्या तेव्हा थोरल्याच्या वकिलानं, मदनलालनं, त्या न्यायाधीशापुढे धरल्या आणि म्हटलं, खाली सही एकाच नकलनविसाची आणि वर अक्षर मात्र दोन माणसांचं. मग धाकट्याची नकल खरी कशावरून धरायची? वकिलाचं काही चुकलं नव्हतं. मेमधल्या नकलेत बोट ठेवायला जागा नव्हती. शिरोरेघ अशी सरळ, की दोरी ताणून मारली असावी. प्रत्येक अक्षराला त्याचा मान, दोन शब्दांत सारखं अंतर, समास डावीकडे तेवढाच उजवीकडे. सप्टेंबरातल्या नकलेत अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललेली, शिरोरेघ मनात आलं तर आहे नाहीतर नाही, आणि वेलांट्या भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेल्या. दोन्हींच्या खाली डाव्या कोपऱ्यात 'नकल करणार' या शब्दांपुढे 'अ. चु. पाटील'. त्या सहीत मात्र मेपासून सप्टेंबरपर्यंत तिळाइतका फरक पडलेला नव्हता.

आता आपल्याला काहीतरी होईल, असं अभिमनला वाटलं. ऑगस्टनंतर लेकीचं, कुंदाचं, अक्षर तो पहिल्यांदाच पाहत होता. छातीत काही हलतंय का, घसा दाटतोय का, याची त्यानं वाट पाहिली. एखादा माणूस फाटकाशी गाडीची वाट पाहतो तशी. पंखा कुरकुरत होता. शेजारच्या खोलीत शिपाई कुणाला तरी रांगेत उभं राहायला सांगत होता. मेमधल्या नकलेच्या दुसऱ्या ओळीत 'खरेदीखत' या शब्दातल्या 'ख'चा पाय जरा लांब गेला होता, तेवढं त्याला दिसलं. ती लहानपणापासून 'ख'चा पाय लांबवायची. हेही त्याला आठवलं, आणि आठवून ते तिथंच राहिलं. बाकी काही झालं नाही.

अभिमन पाटील हा मूळचा मोडीचा माणूस. धुळ्याच्या त्या कचेरीत तो चिकटला तेव्हा नकला मोडीत व्हायच्या आणि त्याचा मोडीचा हात वाहत्या पाण्यासारखा होता. टाक एकदा कागदावर टेकला की ओळ संपेपर्यंत उचलायचं नाव नाही. मग स्वराज्य आलं, आणि दोन-तीन वर्षांनी हुकूम आला की यापुढं नकला बाळबोधीतच हव्यात. इतरांनी कुरकुर केली आणि शिकून घेतलं. अभिमनचा हात काही केल्या वळेना. मोडीच्या सवयीनं अक्षरं एकमेकांत गुंतायची, रेघ मारायची राहून जायची. दिवसाला ठरलेली पानं पुरी होईनात. तेव्हा सगळेच नकलनवीस उरलेलं काम रुमालात बांधून घरी न्यायचे. तशी सक्त मनाई होती, पण शिरस्तेदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी तिकडे काणाडोळा केलेला. अभिमनही नेऊ लागला. देवपुरातल्या घराच्या ओट्यावर तो टाक झिजवत बसायचा आणि बारा वर्षांची कुंदा शेजारी गुडघ्यावर हनुवटी टेकून बघायची. एके दिवशी तिनं त्याच्या हातातला टाक काढून घेतला आणि एक अख्खं पान लिहून दिलं. शाळेत कित्ता गिरवून तिचं अक्षर असं बसलं होतं, की छापखान्यानं लाजावं. अभिमननं खाली सही केली. दुसऱ्या दिवशी ते पान साहेबांनी उचलून सगळ्यांना दाखवलं, "याला म्हणतात हात बसणं." त्या दिवसापासून सहा वर्षं अ. चु. पाटलाचं सुंदर अक्षर म्हणून जे काही जिल्ह्यात गेलं, साक्रीत, शिरपुरात, नंदुरबारात लोकांच्या पत्र्याच्या पेट्यांत जाऊन पडलं, ते सगळं कुंदाचं होतं. अभिमनची फक्त सही. नव्या कारकुनांना नमुना म्हणून दाखवतात ते पानही तिचंच.

"बसा," चौधरीसाहेब म्हणाले. अभिमन बसला नाही. साहेबांपुढे बसायची सवय नव्हती. "अहो बसा. मी काही तुमच्यावर चौकशी लावायला बोलावलेलं नाही. मदनलालचं म्हणणं, तुम्ही सरकारी दस्त बाहेर नेऊन दुसऱ्याच कुणाकडून लिहून घेतला. तसं असेल तर नोकरी जाते, तुम्हाला माहीत आहे. पेन्शनीला चार वर्षं राहिली तुमच्या. पण मी काय म्हणतो," आणि इथे साहेब खुर्चीत पुढे सरकले. चौधरीसाहेबांना अक्षरावरून माणूस ओळखता येतो असं साहेबांचं स्वतःचं मत होतं. रजेच्या अर्जावरून ते म्हणत, हा खोटं बोलतोय. बदलीच्या अर्जावरून म्हणत, याच्या घरी सासू आहे. बरेचदा ते बरोबरही निघायचं, कारण घरी सासू बहुतेकांच्या असतेच. "अक्षर म्हणजे मनाचा आरसा. हे मेमधलं बघा. काय प्रसन्न अक्षर आहे! एकेक मात्रा कशी सुखानं बसलीय. लिहिणाऱ्याचं मन भरलेलं, घरदार आनंदात, कशाची म्हणून चिंता नाही. आणि हे सप्टेंबरातलं. हे लिहिणाऱ्याचं घर कोसळलंय. ओळीओळीत दिसतं. मधे काय झालं? तुमची मुलगी गेली. न्यायाधीशसाहेबही बाळबच्चेवाले आहेत. त्यांना कळणार नाही?"

अभिमन साहेबांच्या बोटाकडे बघत होता. ते बोट मेमधल्या नकलेच्या तिसऱ्या पानावर होतं. प्रसन्न, असं साहेब म्हणाले होते. सुखानं बसलेली मात्रा. त्याला तोंड उघडून काहीतरी म्हणायचं होतं, पण काय ते जमेना, आणि साहेबांना ते दुःख वाटलं. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. त्यांनी मसुदा करून ठेवला होता: 'दोन्ही नकला मी स्वहस्ते केल्या आहेत. ऑगस्ट महिन्यात माझी एकुलती कन्या अपघाताने मयत झाल्याने चित्त ठिकाणावर नसल्यामुळे माझे हस्ताक्षरात फरक पडला आहे.' एवढं स्वतःच्या हातानं लिहून, सही करून, उद्या सकाळी आणून द्यायचं. "हात थरथरला तरी थरथरू द्या," साहेब म्हणाले. "उलट बरंच."

दुपारी रुजवात होती. एकानं अस्सल मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं नकलेवरून बोट फिरवत जायचं, असं ते काम. रुपचंदभाऊ गेली पंधरा वर्षं अभिमनबरोबर रुजवातीला बसायचा. म्हातारा, दम्यानं वाकलेला, पण वाचायला लागला की एका सुरात तासभर. आज त्यानं दोन पानं वाचली आणि मधेच सूर न बदलता म्हणाला, "साहेबनी सांगं तसं लिखी दे भाऊ." अभिमननं बोट थांबवलं. रुपचंदभाऊ कागदावरच डोळे ठेवून बोलला, "माले बठ्ठं माहित शे. सहा वर्सं पाही राह्यनू. मी कधी काही बोलनू का? पोर गई. आते तिनं नाव कसाले काढस? तुले नोकरी शे, घर शे. पोर काय पेन्शन मांगाले येवाव शे का?" मग तो पुन्हा 'पूर्वेस नाला, पश्चिमेस हद्दीचा दगड' वाचू लागला आणि अभिमनचं बोट पुन्हा चालू लागलं. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं होतं. त्यात त्याला कुठेच खोट दिसेना. चार ओळी लिहायच्या. दुसऱ्यांनी केलेलं वाक्य उतरवून काढायचं, हेच तर तो तेवीस वर्षं करत आला होता. स्वतः जुळवलेलं एक वाक्य त्याला कधी कागदावर लिहावं लागलं नव्हतं; गावी भावाला कार्ड टाकायचं तरी ते सगळी पत्रं सुरू होतात तसं सुरू व्हायचं आणि तसंच संपायचं.

संध्याकाळी पांझरेच्या पुलावरून तो देवपुराकडे चालू लागला. दसरा होऊन गेला होता आणि पात्रात पाणी कमीच. बायका गोधड्या धुऊन दगडांवर पसरून बसल्या होत्या. ऑगस्टात याच पुलावरून तो उलट्या दिशेनं स्टेशनाकडे गेला होता. तार कचेरीत आली होती. जावयाची, जीवरामची, चाळीसगावहून. 'कुंदा विहिरीत पडून वारली. निघून या.' शिपायानं तार हातात दिली तेव्हा अभिमन एका खरेदीखताच्या मधल्या ओळीत होता. त्यानं तार वाचली, घडी घातली, आणि ती ओळ पुरी केली. ओळच नाही, ते वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला, टीपकागद फिरवला, मग उठून साहेबांना सांगायला गेला. याचं त्याला पुढे अनेकदा नवल वाटलं. शेजाऱ्याच्या वागण्याचं वाटावं तेवढंच. चाळीसगावला पोहोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. अंगणात माणसं बसली होती. व्याही म्हणाले, पाय घसरला, शेवाळ फार झालं होतं. कुणीतरी त्याच्या हातात चहाची बशी दिली आणि तो चहा प्याला. साखर जास्त होती. विहीर दाखवायला त्याला परसात नेलं. त्यानं वाकून पाहिलं. चांगली बांधीव विहीर, पायऱ्या उतरत्या, काठाला दगडी कठडा. कठडा कमरेइतका उंच होता. हेही त्यानं पाहिलं, आणि अस्सलात आहे ते नकलेत उतरावं तसं ते त्याच्या डोक्यात उतरलं, काना-मात्रेसकट. तिथून पुढे ते कुठे गेलं नाही.

तेव्हापासून तो वाट बघत होता. लोकांना वाटे, हा दुःखानं दगड झालाय. खरं तर त्याला दुःख सापडतच नव्हतं. सप्टेंबरात त्या वाटणीपत्राची दुसरी नकल त्याच्या वाट्याला आली तेव्हा त्यानं आपली परीक्षाच घेतली होती. त्या दस्तात एका विहिरीची वाटणी होती. पाणी कुणी कोणत्या दिवशी घ्यायचं, मोट कुणी बांधायची, गाळ कुणी काढायचा. अकरा वेळा 'विहीर' हा शब्द आला. प्रत्येक वेळी तो शब्द जवळ यायला लागला की अभिमन आपल्या हाताकडे बघायचा. हात काही थांबला नाही. अकराच्या अकरा विहिरी लिहून झाल्या, तशाच वेड्यावाकड्या, जसं त्याचं बाकी सगळं अक्षर वेडंवाकडं. साहेब म्हणतात ते कोसळलेलं घर त्यात कुठेच नव्हतं. ते एका मोडीवाल्याचं बाळबोध अक्षर होतं, सहा वर्षांपूर्वी होतं तसंच. मुलगी मेली तरी बापाच्या अक्षरात कानाइतका बदल झाला नाही, ही गोष्ट खरी होती, आणि उद्या त्याला नेमकं तिच्या उलट लिहून द्यायचं होतं.

आणि ते 'प्रसन्न'. पुलाच्या टोकाशी येईपर्यंत तो शब्द त्याच्या मागं मागं आला. अक्षरावरून मन ओळखायचा नाद साहेबांचा एकट्याचा नव्हता. अभिमन आणि कुंदामध्ये तो एक खेळच होता. कुंदा पान लिहून द्यायची आणि तो वरून खाली नजर फिरवून म्हणायचा, आज शाळेत मार खाल्ला वाटतं. आज आईनं तुला पुरणपोळी दिली आणि माझ्यापासून लपवून ठेवली. ती तोंडावर पदर घेऊन हसायची. "नाना, तुम्हले कसं समजस?" तो म्हणायचा, "मी अक्षर वाचस बेटा, शब्द कोठे वाचस." आणि खरंच त्याला कळायचं. लग्न ठरलं त्या आठवड्यातली पानं त्याला आठवत होती. तिची अक्षरं उभी राहिली होती, टाचा उंचावून. फाल्गुनात लग्न झालं. ती गेल्यावर अभिमननं दुखऱ्या अंगठ्याचं निमित्त करून दोन महिने रुजवातीचंच काम मागून घेतलं. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे लेक माहेरी यायचीच. गल्लीतल्या लिंबाला झोके बांधले, सासुरवाशिणी गाणी म्हणत झुलायला लागल्या. कुंदा आली तेव्हा अभिमनला झाला तो आनंद खरा होता, पण त्यात अर्धा वाटा साचलेल्या नकलांचा होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं रुमाल सोडून तिच्यापुढं ठेवला. ती झोक्यावर गेली नाही. पंधरा दिवस ती ओट्यावर बसून लिहीत होती.

घरी सुगंधाबाई भाकरी थापत होती. ऑगस्टापासून ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलायची: मीठ आणा, दळण आणा, पाहुणे आलेत. त्याला वाटायचं, लेकीच्या दुःखानं. त्यानं टोपी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, आणि चुलीपाशी बसून साहेबांनी काय सांगितलं ते सगळं सांगितलं. दोन नकला, मदनलाल वकील, मसुदा, नोकरी, चार वर्षं. 'प्रसन्न' हा शब्द तिला कळणार नाही म्हणून तो म्हणाला, साहेब म्हणे कुंदाचं अक्षर लई आनंदाचं शे. सुगंधाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. भाकरीला वास सुटला तरी ती तशीच बसून राहिली.

"एक पुसू?" ती म्हणाली. "तिनी तुम्हले लिखी दिधं व्हतं. ते तुम्ही वाचं व्हतं ना?"

"काय लिखी दिधं व्हतं?"

"आखाजीले. जावाना दोन दिन आधी." सुगंधाबाई चुलीतल्या जाळाकडे बघत बोलत होती. "तिना दंडवर वळ व्हता. मी पूसं, तं रडनी. माले तठे धाडू नका म्हने. मी सांगं, मना हातमा काय शे बाई, नानाले सांग. तं म्हने, माले तोंडघाई सांगता येत नही. मी लिखसू, नाना वाची लेतीन. नानाले मनं अक्षर समजस." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी दोन दिन वाट पाही. तुम्ही काही बोलनाच नही. जावाई उना, तुम्ही पोरले गाडीमा बसाडी दिधं. मी समजनू, तुम्ही वाचं आनि तरी धाडं. पाच महिना मी तेच समजी राह्यनू."

कसलीही चिठ्ठी नव्हती. हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं. उशीखाली, रुमालात, टाकाच्या डबीत, कुठेही नव्हती. फक्त एक पान होतं. तिसरं. ती दुपारी ते लिहून बसली होती आणि तो कचेरीतून लवकर आला होता, कारण नकल दुसऱ्या दिवशी द्यायची होती. गल्लीत झोक्यावरची गाणी चालू होती. त्यानं पान उचललं. पहिली ओळ नेहमीची. दुसरीपासून अक्षरं बारीक व्हायला लागली होती, शिरोरेघ मधेमधे तुटत होती, आणि प्रत्येक ओळ उजवीकडे जाताना खाली उतरत होती. शेवटची तर समास ओलांडून पार कोपऱ्यात गेली होती. त्यात दस्ताचेच शब्द होते, एकही कमी-जास्त नाही. तीही त्याच्यासारखीच, आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं उतरवलेली. स्वतःचं वाक्य तिला तरी कुठून सापडावं. तिनं बाजूला चिठ्ठी लिहायला घेतली आणि जमली नाही म्हणून हे, की काही न ठरवता हातच तसा उतरत गेला, हे आता कुणाला विचारणार? ती वर मान करून त्याच्या तोंडाकडे बघत होती, हे मात्र नक्की. लहानपणी पान दिल्यावर बघायची तशी. त्याला दिसलं होतं. सगळं दिसलं होतं. इतकं खचलेलं अक्षर त्यानं तिच्या हातचं कधी पाहिलं नव्हतं. दिसलं आणि त्याच्या मनात आलं ते हे, की हे साहेबांच्या टेबलावर गेलं तर आपली अब्रू जाईल. "हाई काय शे?" तो म्हणाला होता. "डोळा लागना व्हता का? सरकारी कागद शे हाऊ. परत लिख." आणि तिच्यादेखत त्यानं ते पान फाडून चुलीत टाकलं. कुंदानं थोडा वेळ चुलीकडे पाहिलं. "बरं नाना," ती म्हणाली, आणि नवा कागद घेऊन तिनं तिसरं पान पुन्हा लिहिलं. ते असं लिहिलं, की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. साहेबांचं बोट आज सकाळी त्याच पानावर होतं.

"चिठ्ठी नव्हती," तो म्हणाला. मग थांबला. सुगंधाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षर खाली उतरणं म्हणजे काय हे तिला कसं सांगावं ते त्याला कळेना. त्यानं चुलीपुढची राख बोटानं सारखी केली आणि तिच्यावर एक रेघ ओढली, सरळ. तिच्याखाली दुसरी ओढली, उजवीकडे घसरत जाणारी. "तिनं अक्षर असं उनं व्हतं," तो म्हणाला. "एक पान."

सुगंधाबाईनं राखेकडे पाहिलं. "तुम्हले दिसनं व्हतं?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. डोळ्यांना कमी दिसतं म्हणता आलं असतं, घाईत होतो म्हणता आलं असतं, आणि तिला ते खरं वाटलं असतं, कारण खरं वाटावं अशी तिचीही आस होती.

"दिसनं व्हतं," अभिमन म्हणाला. "मी परत लिखाले लावं."

ती ओरडली नाही. त्याला वाटलं होतं ओरडेल, उरावर हात मारून घेईल, आणि मग कदाचित त्याच्याही आत काही फुटेल. तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली, बाजूला ठेवली, आणि दुसरी थापायला घेतली. अर्धी थापून झाल्यावर म्हणाली, "मंग तेच लिखा साहेबले." तिच्या आवाजात राग शोधायला गेलं तर सापडला नसता. ती थकलेली होती, एवढंच. "जसं शे तसं लिखा. तिना हात तिना नाववर राहू द्या."

"नोकरी जाई."

"जाई तं जाई," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर कचेरीत गेला. आपल्या जागेवर बसला, साहेबांचा मसुदा समोर ठेवला, टाक बुडवला. सवयीनं डोळे मसुद्यावर गेले आणि हात पहिला शब्द उतरवायला निघालाच होता. त्यानं मसुदा उलटा करून ठेवला. मग बराच वेळ काहीच लिहिलं नाही. रुपचंदभाऊ आला, त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करून आपल्या जागी खोकत बसला. कचेरी भरत गेली. साडेअकराला अभिमन उठला आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून उभा राहिला.

चौधरीसाहेबांनी सवयीनं आधी अक्षर पाहिलं. कागद उजेडाकडे धरला, जरा लांब नेला, जवळ आणला. त्यात काही खोडलेलं नव्हतं, डाग नव्हता, थरथर नव्हती. सप्टेंबरातल्या नकलेसारखंच, गुंतलेलं, ठाम आणि वाईट. मग ते वाचू लागले.

'मे महिन्यातील नकल माझी कन्या कै. कुंदा हिचे हातची आहे. सन १९५० पासून माझे नावावरील बाळबोध नकला तीच लिहीत असे. सप्टेंबरातील नकल मी केली आहे व माझे अक्षर पहिल्यापासून असेच आहे. मे महिन्यातील नकलेचे तिसरे पान तिने दोनदा लिहिले. पहिले लिहिले तेव्हा ओळी खाली उतरल्या होत्या. ते मी पाहिले. ते पान मी जाळले व तिला पुन्हा लिहावयास लावले. तुला काय झाले असे तिला विचारले नाही.'

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचं बोलणं फार हळू आलं. "पाटील, याच्या पहिल्या तीन वाक्यांनी तुमची नोकरी जाईल. अजून कुणी पाहिलेलं नाही. बरं, सांगायचंच म्हणता तर तेवढी तीन वाक्यं ठेवू. पण खालचं हे कशाला? ओळी खाली उतरल्या काय, पान जाळलं काय, याचा त्या खटल्याशी काय संबंध? हे तरी खोडा."

"ते खोडता येणार नाही, साहेब," अभिमन म्हणाला. "वरची तीन मी खालच्यासाठीच लिहिली."